रुमाल टाकलेली जागा

“जागा सोडू नका, अण्णा. गाडी लागली न्हाई अजून.”

आवाज हिरव्या पडद्यापलीकडून आला. मी पालथा पडलो होतो. छातीखाली दोन उशा, तोंड खिडकीकडे, नाकातोंडावर घट्ट मास्क. पडदा माझ्या पाठीमागे होता. मान फिरवायला कुणाची मनाई नव्हती, पण मान फिरवणं हेही एक काम होतं आणि तेवढा श्वास माझ्यापाशी नव्हता. म्हणून मी खिडकीलाच विचारलं, “कुठली गाडी?”

“घाई कशाला करताय? लागली की मी सांगतो की. तुमच्या जागेवर रुमाल टाकून ठेवलाय. कुणाची बसायची टाप न्हाई.”

मला बरं वाटलं. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात, तशी कुणीतरी माझी जागा धरली होती. गाडी कुठली आणि ती जाणार कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं. मास्कमधून दमट, ऊबदार वारा आत येत होता. उशाशी यंत्र उभ्या गाडीच्या इंजिनासारखं घरघरत होतं. त्या घरघरीत मला झोप लागली.

ही दुसऱ्या लाटेतली गोष्ट. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी आठ नंबरच्या खाटेवर होतो. पडद्यापलीकडे सात नंबर. माझं नाव भूपाल मगदूम, पण ते केसपेपरपुरतं. घरात, भावकीत आणि सांगलीच्या ज्या दैनिकात मी उपसंपादक होतो तिथे, लहानथोर सगळे मला अण्णा म्हणतात.

आजारी पडेपर्यंत पहिल्या पानावरची कोरोनाची चौकट माझ्याकडे होती. संध्याकाळी प्रशासनाकडून आकडे यायचे. नवे रुग्ण, बरे झालेले, मृत. मृतांच्या आकड्याखाली एक ठरलेलं वाक्य असायचं : पैकी इतक्या जणांना सहव्याधी होत्या. म्हणजे मधुमेह, रक्तदाब, किडनीचा विकार असं काहीतरी. या वाक्याने वाचकाला धीर येतो, असं आमच्या संपादकांचं मत होतं. ज्याला सहव्याधी नाही तो चहाचा पुढचा घोट घेतो.

मला न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा किट घातलेल्या माणसाने दारातच विचारलं, “सहव्याधी काही?”

“म्हणजे?” माझी बायको त्रिशला म्हणाली.

“आधीपासून सोबत असलेलं दुखणं,” मी खोकत सांगितलं. “साखर आहे. जुनी.”

“आणि वजन. सांगा की. लाजताय काय?”

“वजन ही व्याधी नसते.”

“जिना चढताना बघतेय ना मी रोज.” मग ती त्या माणसाकडे वळली. “आणि माझंही नाव लिहा. लग्न झाल्यापासून सोबत आहे. मीपण सहव्याधीच की.”

तो माणूस हसला की नाही, ते किटमुळे कळलं नाही. त्रिशला हसली नाही. दार बंद होईपर्यंत ती माझ्या पायांकडे बघत होती. चपला घातल्यात की नाही ते.

विभागातले डॉक्टर शेटे हे तरुण आणि मितभाषी. फेरीला आले की खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ते सहकाऱ्याशी हळू आवाजात बोलत. पालथ्या माणसाला ऐकू येत नाही असा त्यांचा समज असावा.

“सात निघेल,” ते एकदा म्हणाले. “वय कमी, साखर नाही, प्रेशर नाही, अंगाने पैलवान. आठचं सांगता येत नाही. वय, साखर, वजन, तिन्ही गोष्टी विरुद्ध. ऑक्सिजन असाच राहिला तर नळी घालावी लागेल.”

पन्नाशी उलटलेल्या, साखर असलेल्या माणसाच्या घशात नळी गेली की पुढे बहुधा काय होतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते रोज चौकटीत लावत होतो. त्यामुळे माझं काम मला स्वच्छ कळलं. मास्क काढायचा नाही. पालथं पडून राहायचं. नळीची वेळ येऊ द्यायची नाही. एवढंच. पण तेवढ्याचाच विसर पडायचा.

“काका, पोटावर.” हा आवाज रूथ सिस्टरचा. तिच्या पांढऱ्या किटवर पाठीला आणि पोटाला मार्करने ‘रूथ’ लिहिलेलं असे, नाहीतर तिथे सगळेच सारखे दिसत. “पुन्हा उताणे झालात?”

“कंबर मोडली, बाई.”

“मोडू दे. कंबर नंतर बघू. बाळ पहिल्यांदा पालथं पडलं की घरात कौतुक करतात का नाही? तसं मी तुमचं करते. चला, पडा बघू पालथं. शाब्बास.”

“साखर-खोबरं वाटा मग.”

“साखर? तुम्हाला?” असं म्हणून तिने माझ्या पाठीवर हातमोजा घातलेला हात ठेवला आणि मी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बुडालो.

बुडालो हाच शब्द बरोबर. तिथे दिवस उजाडत नव्हता आणि मावळतही नव्हता. खिडकीला दुधी काच होती. तिच्यावर ऊन यायचं तेव्हा सगळी भिंत साईसारखी दिसायची. त्या सायीत हळूहळू खांब उगवायचे, पत्र्याचं छप्पर यायचं, छपराखाली फलाट. शेंगदाणे भाजल्याचा वास यायचा, आणि त्यात डिझेलचा. किट घातलेली माणसं पावसाळी कोट घालून गाडीची वाट बघणारे प्रवासी होऊन जायची. कुणी घाई करत नव्हतं. सलाइनच्या बाटल्या स्टँडवरच्या दुकानात लटकवलेल्या पिशव्यांसारख्या डुलत होत्या. मला हे सगळं विचित्र वाटत नव्हतं. उलट, इतके दिवस मी याला दवाखाना समजत होतो याचंच हसू येत होतं.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे,” पडद्यापलीकडचा आवाज म्हणाला. आता त्याला वेगळा सूर होता, सरकारी. “कडेगाव, कराडमार्गे जाणारी विटा-स्वारगेट फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.”

“माझी आहे का?” मी विचारलं.

“ही न्हाई, अण्णा. ही जाऊ दे.”

“मग माझी कधी?”

“तुमच्याशिवाय सुटतीया व्हय? मी हाय न्हवं हितं.”

सात नंबरचा हा माणूस एसटीत कंट्रोलर असणार, हे मी ताडलं होतं. स्टँडवर गाड्या लावणं आणि सोडणं हे त्याचं काम. डॉक्टर त्याला पैलवान म्हणाले होते, पण आवाज पन्नाशीचा, पान खाऊन जाड झालेला. त्याला श्वास इतका कसा पुरतो, याचा मला हेवा वाटायचा. बोलता बोलता तो हसायचा, खाकरायचा, मध्येच कुणाला तरी ‘थांब रे, बोलतोय न्हवं’ म्हणून दटावायचा. एक गोष्ट त्याची लाडकी होती. ती तो पुन्हा पुन्हा सांगायचा, त्याच शब्दांत.

“आठवतंय का अण्णा, रेणावीच्या जत्रंची गाडी? पाटी नसलेली?”

मला आठवत नव्हतं. तरी मी हुंकार द्यायचो.

“गर्दी म्हणजे काय ती! गाडी आत शिरली, पाटी न्हाई, काय न्हाई, आन् माणसं खिडकीतनं आत. रुमाल, पिशव्या, पोरं, सगळं आत. डायवर बिचारा निघालेला गाडी धुवायला. त्यानं कुणाला इचारलं न्हाई, कुणी त्याला इचारलं न्हाई. आख्खी गाडी धुवायला गेली, अण्णा, माणसांसकट!”

तो मनापासून हसायचा. मग म्हणायचा, “तवाधरनं हे ओरडणं सुरू झालं. पाटी बघितल्याशिवाय चढू नका! पाटी बघितल्याशिवाय चढू नका! आख्ख्या स्टँडवर.”

मला हे ओरडणं आवडायचं. ते ऐकताना मी श्वास मोजायचा थांबायचो आणि श्वास आपोआप चालायचा.

कधीकधी पडद्यापलीकडे शांतता असे. मग फलाट विरघळून जायचा आणि मला मी कुठे आहे ते कळायचं. कळणं हे वाईट होतं. कळलं की मास्क नाकाला काचायचा, पाठीवर कुणी बसलंय असं वाटायचं आणि डॉक्टरांचे ते तीन शब्द आठवायचे : सांगता येत नाही. मी इतकी वर्षं बातम्या नीट करत आलो. ‘सांगता येत नाही’ हे वाक्य कुणा बातमीदाराने लिहून आणलं तर मी परत पाठवायचो. आता त्या वाक्याच्या खालीच झोपलो होतो.

मग एका दुपारी आप्पा आला.

आप्पा माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. फलाटावर तो नेहमीसारखाच दिसत होता. पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग, हातात शेंगांची पिशवी. दुधगावला, आमच्या गावी जाताना तो नेहमी अशीच पिशवी घ्यायचा आणि गाव येईपर्यंत ती रिकामी करायचा.

“भूपाल,” तो म्हणाला. “चल. किती वेळ वाट बघायची?”

“गाडी लागली नाही अजून.”

“ही काय लागली.”

खरंच लागली होती. लाल, स्वच्छ धुतलेली, टपावरून पाणी निथळत होतं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि आत गार सावली होती. मला त्या सावलीत बसायचं होतं. तितकं कशातच कधी बसावंसं वाटलं नव्हतं. आप्पा केव्हा आत गेला ते कळलं नाही. तो खिडकीतून वाकून माझ्याकडे बघत होता आणि शेजारची जागा थोपटत होता.

“जागा धरलीय. ये. तोंडावरचं ते काढून टाक आधी. त्यानं काय होतंय तुला?”

मी मास्क काढला. अचानक इतकं हलकं वाटलं की मी उठून बसलोसुद्धा. पाय खाली सोडले. जमीन गार होती, नुकत्याच पुसलेल्या फलाटासारखी. चपला नव्हत्या. त्रिशला रागावेल असं वाटून गेलं, पण ते फार लांबचं होतं. कुठेतरी घंटी वाजत होती. कंडक्टरची असणार.

“पाटी बघितल्याशिवाय चढू नका!”

इतका मोठा आवाज तोवर कधी आला नव्हता. सगळ्या फलाटावर तो घुमला. मी थबकलो. मान वर करून गाडीच्या कपाळाकडे बघितलं. पाटीची जागा होती. पाटी नव्हती.

“आप्पा,” मी म्हणालो, “पाटी?”

“पाटी कशाला पायजे? आपल्याला गाव ठाऊक नाही होय?”

तो हसत होता. पण मला अक्षरं हवी होती. सगळा जन्म मी अक्षरं वाचून पुढे सोडण्यात घालवलाय. न वाचता मी काहीच सोडलेलं नाही.

“कुठं जाते ही?” मी पुन्हा विचारलं.

आप्पाने तोंड फिरवलं आणि एक शेंग फोडली. उत्तर मागून आलं.

“ही आपली गाडी न्हवं! उतरा खाली! तुमची जागा हितं हाय, अण्णा. रुमाल टाकलाय मी. जागा सोडू नका.”

एक जण मला भूपाल म्हणत होता. दुसरा अण्णा. त्या क्षणी मला वाटलं, ज्याला अण्णा म्हणून हाक मारताहेत तो जिवंत आहे, आपण त्याच्याकडे जावं.

मी पाय वर घेतले.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. फक्त शेंगेच्या टरफलाचा आवाज आठवतो, दूर जाणारा. आणि पाठीवर ठेवलेला हात.

बरा होत गेलो ते हळूहळू. मास्कच्या जागी नाकातली साधी नळी आली. भिंत भिंतीसारखी दिसू लागली. डॉक्टर शेटे एका सकाळी खाटेच्या पायथ्याशी न थांबता उशाशी आले.

“आता घशात नळी घालायची गरज पडणार नाही,” ते म्हणाले. “खरं सांगू का? तुमचं आम्ही धरलं नव्हतं.”

“ऐकलं होतं मी.”

ते ओशाळले. “आम्ही आकड्यांवरून बोलतो. शंभर माणसांचं जवळपास बरोबर सांगता येतं. एकाचं सांगायला गेलं की चुकतं.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते पुढे गेले. मीही पाहिलं. मला आता मान फिरवता येत होती. पडदा सरकवलेला होता. सात नंबरची खाट रिकामी होती, चादर नवी, कडक.

“सिस्टर,” मी रूथला विचारलं, “सात नंबरच्या साहेबांना वरच्या वॉर्डात हलवलं का? बऱ्याच दिवसांत बोलले नाहीत.”

ती माझं बोट चिमट्यात धरून ऑक्सिजन बघत होती. थांबली.

“कोण बोललं नाही?”

“सात नंबर. एसटीवाले. दिवसभर गप्पा मारायचे माझ्याशी.”

“काका,” ती सावकाश म्हणाली, “सात नंबर आले तेच घशात नळी घालून. एक अक्षर बोलले नाहीत ते. शुद्धीवरच नव्हते.”

“मी ऐकलंय. गाडीचं, रुमालाचं. ती जत्रेची गोष्ट.”

तिने माझं बोट सोडलं. मग कपाळावर हात मारला, किटच्या काचेवर तो टपकन वाजला. “अग बाई! तो फोन.”

“कसला फोन?”

“त्यांचा एक मित्र रोज आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. विटा स्टँडवरचा, मुलाणी म्हणून. भेटायला सोडत नव्हते ना कुणाला. तर म्हणाला, सिस्टर, नुसता कानाशी धरा. मी दुपारी प्लास्टिकच्या पिशवीत फोन घालून त्यांच्या उशीवर ठेवायचे. तेच ते पुन्हा पुन्हा वाजत राहायचं. तुम्हाला पडद्यातून ऐकू जात होतं होय?”

“पण तो माझ्याशी बोलत होता. मला हाक मारायचा. अण्णा म्हणून.”

“तुम्हाला अण्णा म्हणतात?”

“सगळेच.”

ती माझ्या खाटेच्या कडेला बसली. नियमात ते बसत नव्हतं.

“तेही अण्णाच होते,” ती म्हणाली. “प्रल्हाद हसबे. घरचे, स्टँडवरचे, सगळे अण्णाच म्हणायचे.”

आमच्या जिल्ह्यात कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून अण्णा म्हणून हाक मारली तर चारपाच घरांतून माणसं बाहेर येतील. हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेजारच्या खाटेवरही एक असेल, हे मनात आलं नव्हतं.

“केव्हा गेले?” मी विचारलं.

“तुम्ही मास्क काढून बसलात, त्याच दुपारी. सकाळपासूनच त्यांचं खरं नव्हतं. म्हणून मी फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. म्हटलं, जाताना तरी ऐकू जाऊ दे. आम्ही सगळे त्यांच्याशीच होतो, तुमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुमच्या यंत्राची घंटी वाजली म्हणून मी पळत आले, तर तुम्ही पाय वर घेत होतात आणि मास्क लावायला धडपडत होतात. मी फक्त पट्टे आवळले.” तिने सातच्या खाटेकडे बघितलं. “काहीच नव्हतं हो त्या माणसाला. ना साखर, ना प्रेशर.”

घरी गेल्यावर मी पुन्हा कामाला लागलो. कोरोनाची चौकट बंद झाली. नंतर एसटीचा लांबलेला संप आला आणि स्टँड ओस पडले. विट्याला जायचं मी ठरवलं होतं, पण बंद स्टँडवर जाऊन काय करणार? संप मिटून गाड्या सुरळीत झाल्या आणि मी एका रविवारी सांगलीहून विट्याची गाडी धरली. चढण्याआधी पाटी वाचली.

“कुठे चाललात?” त्रिशलाने निघताना विचारलं होतं.

“एकाला सांगायचंय, माझा जीव त्याच्यामुळे वाचला.”

“आणि त्याचा मित्र?”

मी पिशवी उचलली. ती म्हणाली, “जपून सांगा.” आणि माझ्या पायांकडे बघितलं.

विटा स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत साठीला टेकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस बसला होता. तोंडात पान, पुढ्यात माईक. मी नाव विचारायच्या आतच तो बोलला.

“चौकशी असंल तर हितं. तक्रार असंल तर मोठ्या सायबांकडं.”

तोच आवाज. फक्त आता त्याला चेहरा होता.

“मुलाणी ना? मी मिरजेहून... म्हणजे, मिरजेच्या दवाखान्यात होतो. हसबे होते तेव्हा. शेजारच्या खाटेवर.”

त्याचं पान चघळायचं थांबलं. त्याने दार उघडलं.

आत दोन खुर्च्या आणि एक स्टूल होतं. एका खुर्चीवर तो बसायचा. दुसरीच्या बैठकीवर निळ्या चौकड्यांचा रुमाल पसरलेला होता. त्याने मला स्टूल दिलं.

“त्या खुर्चीवर कुणी बसत न्हाई,” तो म्हणाला. “राग मानू नका, साहेब. हसबे अण्णांची हाय. नवीन पोरं हसत्यात मला. तवाबी हसायची. म्हणायची, चाचा, बेशुद्ध माणसाला कशाला सांगताय गाड्यांचं? मी म्हणायचो, आरं, माईकवर बोलताना तरी कोण ऐकतंय ते कुठं दिसतंय आपल्याला? बोलायचं. ज्याची गाडी आसंल तो ऐकतो.”

त्याने माईक ओढला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. खानापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.” मग बटण बंद करून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला दवाखान्यात सोडलं न्हाई. मातीलाबी न्हाई. एकच इचारतो, साहेब. तुम्ही शेजारी हुता. अण्णांना ऐकू जात हुतं का?”

येताना गाडीत मी वाक्यं जुळवली होती. ती सगळी खरी होती आणि त्यातलं एकही आता चालणार नव्हतं. हसबेंना ऐकू गेलं का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. सांगता येत नाही. पण वाक्यातली चूक काढण्यात माझी हयात गेलीय. या प्रश्नाला एक असं उत्तर होतं, ज्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

“अण्णांना सगळं ऐकू येत होतं,” मी म्हणालो.

त्याने माईक बाजूला सारला.

“रुमालाचं ऐकू आलं. रेणावीची गाडी माणसांसकट धुवायला गेली, ते रोज ऐकू आलं. मध्येच तुम्ही कुणाला तरी दटावायचात, ‘थांब रे, बोलतोय न्हवं’ म्हणून, तेसुद्धा.”

“ते आमचं कँटीनचं पोरगं,” तो पुटपुटला. “च्या घेऊन आलं हुतं.”

“आणि शेवटी, पाटी बघितल्याशिवाय चढू नका.”

“ते वराडणं अण्णांचंच. माझं न्हवं. मी निस्ती नक्कल केली.” त्याने चष्मा काढला. दोरीवर तो छातीशी लोंबत राहिला. “मग? ऐकून काय केलं अण्णांनी?”

“जागा सोडली नाही.”

बाहेर खानापूरची गाडी मागे घेताना कुणीतरी पत्र्यावर थापा मारत होतं. येऊ द्या, येऊ द्या. मुलाणी खूप वेळ तिकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. माझ्या पोटाकडे, पिकल्या केसांकडे, स्टुलावर अवघडून बसलेल्या माझ्याकडे त्याने सावकाश पाहिलं. एखादी गाडी आत शिरताना तिची पाटी वाचावी तसं.

“साहेब,” तो म्हणाला, “तुमास्नी घरी काय म्हणत्यात?”

मी स्टुलावर सरळ बसलो.

“अण्णा.”

तो उठला. दुसऱ्या खुर्चीपाशी गेला. रुमाल उचलला, दोनदा झटकला, त्याची नीट घडी केली आणि आपल्या वरच्या खिशात ठेवली. हाताने खुर्ची पुसली.

“सांगलीची गाडी लागायला येळ हाय अजून,” तो म्हणाला. “बसा, अण्णा.”